शास्त्रीबुवांची मातृभाषा

एका संस्थानिकाच्या घरी दूरच्या परप्रांतातून सून आली. तिला मराठी शिकवण्याच्या एका जागेसाठी दोघं दरबारात हजर झाली: नामांकित त्र्यंबकशास्त्री आणि धारवाडकडच्या कानडी भागीरथव्वा.

सूनबाईंनी अडखळत विचारलं, “मी लाडू खाल्ला, पण भाकरी खाल्ली. असं का?”

“असंच म्हणतात!” शास्त्रीबुवा गुरकावले.

भागीरथव्वा म्हणाल्या, “लाडू तो, भाकरी ती. इथं क्रियापद खाणाऱ्याचं ऐकत नाही, खाल्लेल्या वस्तूचं ऐकतं. मला हे उमगायला वर्ष लागलं.”

“वर्ष?” शास्त्रीबुवा हसले. “महाराज, मराठी माझी मातृभाषा! मला ती एक दिवसही शिकावी लागली नाही.”

भागीरथव्वांना ते झोंबलं, पण आवाज चढला नाही. “खरंय, महाराज. जे स्वतः कधी शिकलेच नाहीत, ते शिकवणार कसं?”

महाराज निकाल देईपर्यंत सूनबाई पाटी घेऊन भागीरथव्वांशेजारी बसल्याही होत्या.