संथ नाडी

"भीती वाटली तरी नाडी चढत नाही, ही सिद्धी नाही तर काय, महाराज?"

पूर्णगिरी महाराज खाटेवर उताणे पडले होते. पाच वर्षांपूर्वी मठामागच्या बेलाच्या झाडावरून ते पडले आणि मानेजवळ कणा मोडला. तेव्हापासून छातीखालचं अंग त्यांना जाणवत नव्हतं. हातही जेमतेम हलत.

खाटेला अगदी खेटून मार्तंड पद्मासन घालून बसला होता. मठातला सर्वांत जाणता शिष्य. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत होतं.

"सिद्धी!" महाराज हसले. "अरे, नाकावरची माशी उडवायला मला तू लागतोस."

"अक्का गेल्याची बातमी मीच आणली होती. तुमची सख्खी बहीण. तेव्हा तुमचं मनगट माझ्या हातात होतं. नाडी तश्शीच संथ! मी बाहेर सगळ्यांना सांगितलं, महाराजांनी शोक जिंकला."

"हो... सांगितलंस खरं."

मार्तंडाने हात जोडून मान लववली. बाहेर दर्शनाला आलेली माणसं कुजबुजत होती.

मार्तंडाने मान वर केली तेव्हा महाराजांच्या कपाळावर घाम डवरला होता. चेहरा लालबुंद. उघड्या पोटावर काटा उभा राहिला होता.

त्याने घाईने नाडी धरली. चव्वेचाळीस.

"स्वेद... रोमांच..." त्याचा आवाज कापला. "समाधी लागतेय, महाराज!"

दारातून एक बाई डोकावली. तिला त्याने हातानेच थोपवलं आणि भक्तिभावाने डोळे मिटले.

"डोकं ठणकतंय... मार्तंडा, गुडघा..."

"बोलू नका, महाराज."

"गुडघा काढ, गाढवा! नळीवर बसलायस!"

मार्तंड दचकून बाजूला झाला. लघवीची नळी त्याच्या गुडघ्याखाली चेपली होती. ती मोकळी होताच पिशवीत धार लागली.

"बसतं कर मला. पाय खाली सोड. लवकर."

त्याने काखेत हात घालून त्यांना बसवलं, पाठीशी उशा रचल्या. हळूहळू चेहऱ्यावरची लाली उतरली. नाडी साठावर आली. मार्तंडाची धडधड मात्र छातीत मावत नव्हती.

"जीव गेला असता माझा," महाराज म्हणाले. "तू डोळे मिटून बसला होतास."

"पण नाडी तर शांत होती..."

"डॉक्टरांनी मला समजावलं होतं. मेंदूकडून हृदयाला दोन निरोप जातात. एक 'धाव' म्हणतो, एक 'थांब'. 'धाव' कण्यातून जातो. माझा कणा मोडला, तो तिथंच अडकला. 'थांब' वेगळ्या वाटेने जातो, तो अजून पोचतो."

"आणि आत्ता?"

"मूत्राशय तुंबलं. खालचं अंग ते मला सांगू शकत नाही. मग ते आपलं आपणच आकांत करतं, रक्ताचा दाब भडकतो. मेंदू घाबरतो. त्याच्या हाती एकच निरोप उरलाय... थांब, थांब."

मार्तंडाने मान खाली घातली. त्याने विचारलं, "मग अक्का गेल्या तेव्हा..."

"ऊर धडधडायला हवा होता. धडधडला नाही. तू बाहेर जाऊन सांगितलंस. लोकांनी जयजयकार केला." महाराज थांबले. "मला तो गोड वाटला, मार्तंडा."

"त्यात तुमचा काय दोष? वाटच तुटली होती."

"हृदयाची. डोळ्यांची नव्हती... रडता येत होतं मला."

महाराजांच्या गालावरून पाणी ओघळू लागलं.

बाई पुन्हा दाराशी आली. "समाधी उतरली का हो? माणसं खोळंबलीत."

मार्तंडाने लगबगीने उपरणं उचललं आणि तो खाटेकडे वळला.

"येऊ दे त्यांना आत," महाराज म्हणाले. "आणि माझे डोळे पुसू नकोस."