निळाईचा मुक्काम

पाय पोटाशी घ्या, उशी सारखी करा आणि ऐका.

एक राजा होता, धैर्यसेन नावाचा. त्याची जुनी राजधानी फार दाटीवाटीची. समोरच्या घरात फोडणी पडली की या घरातली माणसं शिंकायची. आणि गल्ल्या इतक्या अरुंद, की स्वार आत शिरला तर त्याला घोडा वळवता यायचा नाही. उलट्या पावलीच बाहेर आणावा लागायचा. मग राजाने ठरवलं, नवी राजधानी बांधायची. उंच माळावर, मोकळी, आधी नीट आखून मग बांधलेली.

ती आखायचं काम त्याने दिलं हरबा गवंड्याला. हरबाच्या कमरेला कायम दोरीचं भेंडोळं असायचं. दोरी ताणायची, खडूची रेघ मारायची आणि मग रस्ता. दुसरं काही नाही.

हरबाचं एक दुखणं होतं, बरं का. चार वर्षांचा असताना तो जुन्या राजधानीच्या गल्ल्यांत हरवला होता. दोन दिवस त्याला आई सापडली नव्हती. हे तो कुणाला सांगायचा नाही. पण राजाला तो म्हणाला, "महाराज, या नगरात एकही वळण नसेल. चौकात उभं राहिलं की चारी वेशी दिसतील."

सात वर्षं काम चाललं. रस्ते झाले, बाजार झाला, दुतर्फा झाडं लावली. सगळ्या घरांची दारं पूर्वेला. लोक मोठ्या हौसेने राहायला आले. आले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पाणी नाही. विहिरी खणाव्या तर खाली काळा खडक. दोन कोसांवरून रेडे चामड्याच्या पखालींतून पाणी आणायचे. दर घराला दोन घागरी मिळायच्या. त्यातच स्वयंपाक, त्यातच आंघोळ, त्यातच झाडं. झाडं सुकायला लागली. लोक म्हणायला लागले, "जुनंच बरं होतं. परत जाऊ या."

मग हरबा डोंगर चढून पलीकडे गेला. तिकडे निळाई नावाची नदी राहायची.

आता ही नदी कशी होती? दिसायला दहा-बारा वर्षांच्या मुलीसारखी. केस मोकळे, निळं लुगडं, आणि ती चालली की मागे ओली पावलं उमटायची. ती खडकांतून धावायची आणि तशीच समुद्रात जायची. वाटेत गाव नाही, शेत नाही. तिला कधी कुणी हाक मारली नव्हती.

हरबाने हाक मारली. "निळाई, आमच्या राजधानीत राहायला येतेस का?"

ती थांबली. मग म्हणाली, "आधी पाहुणी म्हणून येते, हरबादादा. तीन दिवस. बरं वाटलं तर राहीन. नाही तर परत जाईन, आणि मग मला धरून ठेवायचं नाही."

"नाही धरणार," हरबा म्हणाला.

नदी येणार म्हटल्यावर सगळं नगर झाडून निघालं. प्रत्येकाला वाटलं, तिने आपल्याकडे उतरावं. मोठी पाहुणी ना.

पहिल्या दिवशी ती राजाकडे उतरली. राणीने तिच्यासाठी पांढऱ्याशुभ्र दगडाचा हौद घासूनपुसून ठेवला होता. त्यात गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या होत्या. निळाई पाय दुमडून, अंग चोरून त्या चौकोनी हौदात बसली. दारावर पहारेकरी. कुणी आत येईना, कुणी बोलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी राजाने विचारलं, "मुक्काम सुखाचा झाला ना?"

"हौद फार सुंदर आहे, महाराज," निळाई म्हणाली. "पण मला कुशीवर वळता येईना."

आणि खरंच, एका दिवसात तिचं निळं लुगडं कडेकडेने हिरवट दिसायला लागलं होतं.

मग ती नगरशेटांकडे उतरली. त्यांच्या घरासमोरच्या चौकात बारा तोंडांचं कारंजं होतं. नगरशेट म्हणाले, "इथे राहा, पोरी. सगळं नगर तुला बघायला येईल." आलंही. निळाई कारंज्यातून उंच उडाली की लोक टाळ्या वाजवायचे. पहिल्यांदा तिलाही मजा वाटली. पण खाली पडायच्या आत पुन्हा उडायचं, आणि पुन्हा, आणि पुन्हा. दिवस मावळेपर्यंत तिला धाप लागली.

नगरशेट म्हणाले, "अजून एकदा. माझा जावई आलाय."

ती उडाली. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने आपले केस गोळा केले आणि तिथून निघाली.

राहिला तिसरा दिवस. त्या दिवशी हरबा तिला आपल्या पाटाकडे घेऊन गेला. हा पाट त्याने तिच्यासाठीच बांधला होता. घडीव दगडांचा, नगराच्या या वेशीपासून त्या वेशीपर्यंत, दोरीसारखा सरळ. हरबाला वाटलं, ही आता इथून हलणार नाही.

निळाई पाटात उतरली. आणि काय झालं सांगू? उतरली ती सरळ दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचली. मध्ये थांबायला जागाच नव्हती. ना खळगा, ना झुडूप, ना दगडामागचा आडोसा. ती परत वर आली. पुन्हा उतरली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हातांनी काठ धरायचा प्रयत्न केला, आणि तिची कोपरं खरचटली.

मग ती पाटाच्या टोकाला उभी राहिली आणि म्हणाली, "हरबादादा, तू खूप कष्ट केलेस. पण मी जाते."

हरबाच्या डोळ्यांपुढे ती सुकलेली झाडं आली, घागरी घेऊन उन्हात उभ्या राहिलेल्या बायका आल्या. पण शब्द दिलेला होता. तो म्हणाला, "चल, तुला वेशीपर्यंत सोडतो."

दोघं निघाली. वेशीजवळ मोठा खोलगट भाग होता. तिथे अन्साबाई नावाची म्हातारी कुंभारीण राहायची. नगर बसायच्या आधीपासून ती तिथेच. खोलगटातली चिकणमाती काढायची आणि मडकी घडवायची. हरबाचा राजमार्ग तेवढा अजून अपुरा होता, आणि तो नेमका त्या खोलगटावरून जायचा होता. म्हणून ती जागा भरून काढायची होती. त्याच दुपारी दगडमातीच्या गाड्या यायच्या होत्या. अन्साबाईला दुसरं घर दिलं होतं, पूर्वेला दार असलेलं. पण तिचा पाय निघत नव्हता.

अन्साबाईने निळाईला बघितलं. ही नदी आहे हे तिला ठाऊक होतं. सगळ्या नगराला ठाऊक होतं. पाण्यावाचून तिची माती वाळून भेगाळली होती, चाक चार दिवस बंद होतं. पण ती पाण्याचं काही बोलली नाही. ती म्हणाली, "अगं, कोपराला काय झालं? बस इथे. हरबा, तूही टेक जरा."

निळाई खोलगटात उतरून बसली. माती मऊ होती. अन्साबाईने आतून भाकरी आणली.

आता तुम्ही विचाराल, नदी भाकरी खाते का? खाते. चुरून दिली की माशांबरोबर खाते.

"तुझ्या घरी कोण कोण असतं गं?" अन्साबाईने विचारलं.

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. निळाई सांगायला लागली. तिचे मासे, एक म्हातारं कासव, पाणी प्यायला येणारी हरणं. सांगता सांगता तिने पाय पसरले. मग ती आडवी झाली. मग कुशीवर वळली. आणि गाढ झोपली.

नदी झोपली की पसरते, बरं का. खोलगट हळूहळू भरायला लागला. पाणी अन्साबाईच्या उंबऱ्याला लागलं. म्हातारीने आरडाओरडा केला नाही. एकेक मडकं उचलून, आवाज न करता, ती वरच्या उतारावर नेऊन ठेवू लागली. हरबाही तिला हात देऊ लागला.

एवढ्यात दगडमातीच्या गाड्या आल्या. चाळीस गाड्या. आणि मागोमाग राजमार्गाचं काम बघायला खुद्द राजा.

हरबा धावत जाऊन पहिल्या गाडीच्या बैलांसमोर उभा राहिला. "थांबवा," तो हळू आवाजात म्हणाला. "ती झोपली आहे."

राजा घोड्यावरून उतरला. पाणी बघून त्याचे डोळे भरून आले. पण मग त्याने रस्त्याकडे पाहिलं. "हरबा, राजमार्ग इथूनच जायचा आहे ना? आता कुठून नेणार?"

"तिला वळसा घालून, महाराज."

"एकही वळण नसेल, असं तूच म्हणाला होतास."

"म्हणालो होतो," हरबा म्हणाला. मग जन्मात पहिल्यांदा त्याने ती गोष्ट सांगितली. चार वर्षांचा असताना हरवलो होतो, दोन दिवस आई सापडली नव्हती. "म्हणून मला वळणाची भीती वाटते, महाराज. अजून वाटते."

एव्हाना निळाई जागी झाली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती उठली नाही, पडल्या पडल्याच म्हणाली, "हरबादादा, माझ्या काठाकाठाने चाललं तर माणूस हरवत नाही. वळणं कितीही आली तरी काठ बरोबर असतो."

हरबाने कमरेचं भेंडोळं सोडलं. दोरीचं एक टोक अन्साबाईच्या हातात दिलं आणि दुसरं धरून तो पाण्याच्या कडेने चालू लागला. दोरी वळत गेली. बरोबर पाण्यासारखी, गोल. तो पुरता वळसा चालून आला तेव्हा हसत होता.

"इथून," तो गाडीवाल्यांना म्हणाला.

राजाने मान हलवली. अन्साबाई म्हणाली, "हरबा, दमलास. बस आता."

मग राजा पाण्याजवळ आला, जोडे काढून ठेवले आणि विचारलं, "निळाई, किती दिवस राहशील?"

"दिवस मला मोजता येत नाहीत, महाराज," ती म्हणाली. "पण मला इथेच राहायचंय. अन्साबाईंच्या शेजारी."

त्या दिवशी नगरातल्या सगळ्या बायका घागरी घेऊन आल्या. कुणी निळाईला कुंकू लावलं, कुणी तिच्या खरचटलेल्या कोपराला हळद लावली. रेड्यांच्या पाठीवरच्या पखाली उतरवल्या. ते रेडे पाण्यात जे शिरले, ते संध्याकाळपर्यंत बाहेर यायला तयार होईनात. मुलांनी तिला नावाने हाका मारल्या, आणि तिने दर हाकेला ओ दिली.

अन्साबाईचं घर वरच्या उतारावर बांधलं. हरबाने बांधलं. दार कुठे करू, असं त्याने विचारलं, तर ती म्हणाली, "पाण्याकडे कर, बाबा." नगरात तेवढं एकच दार पश्चिमेला आहे.

झाडांना पालवी फुटली. लोक राहिले. राजा राहिला, राणी राहिली, हरबा राहिला, आणि सगळे सुखाने नांदले. निळाई दिवसभर खेळते, आणि दमली की कुशीवर वळून झोपते.

तसं तुम्हीही वळा आता. हं, असं. डोळे मिटा.