परसातली मूठभर माती

दुपारीच ढग अंगणात उतरतात अशा एका डोंगरगावात एक कॉफीवाला राहत होता. उतारावर त्याची हजारभर झाडं होती आणि त्यांच्यावर फणस-पांगाऱ्याची सावली. ही बाग त्याच्या आईबापांनी जंगल साफ करून, डोक्यावरून पाणी वाहून उभी केली होती. त्याला मूलबाळ नव्हतं. बाग हेच त्याचं सर्वस्व, आणि गावात आपल्यासारखी बाग कोणाची नाही, या तोऱ्यात तो वावरायचा.

त्या डोंगरात पाऊस धो धो कोसळतो, मातीतला चुना धुऊन नेतो आणि माती हळूहळू आंबट होत जाते. आंबट मातीत कॉफीची मुळं आखडतात. मग कितीही खत घाला, झाडाच्या अंगी लागत नाही. म्हणून गावाने एक रीत पाडली होती. दर दोन वर्षांनी, तोडणी संपली की एक म्हातारा पारखी डोंगर चढून यायचा. प्रत्येकाने बागेत दहा ठिकाणी वीतभर खणून माती काढायची, एकत्र करायची आणि चावडीवर आणायची. पारखी ती पाण्यात कालवायचा, वरचं निवळ वाटीत घ्यायचा आणि त्यात जास्वंदीच्या फुलांचा रस सोडायचा. पाणी लाल झालं की माती आंबट. जितकं लाल, तितका चुना त्या बागेला. ज्याचं पाणी सगळ्यांत लाल त्याने गावाला ताक पाजायचं, आणि पुढची दोन वर्षं गाव त्याला 'ताकवाला' म्हणून चिडवणार. सगळा चेष्टेचा मामला. कोणी मनावर घेत नसे.

आपला कॉफीवाला मात्र घेत असे. तशी वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि यंदा ती येणार हे त्याला दिसत होतं. गेली पाच-सहा वर्षं त्याने शेणखत आणि पालापाचोळा सोडून दिला होता. बाजारातून पांढऱ्या दाण्यांचं खत आणायचं, मूठ मूठ फेकायचं, की पानं हिरवीगार आणि फांद्या फळांनी वाकलेल्या. त्याच खताने माती लवकर आंबते, हे पारख्याने त्याला सांगितलं होतं. याने ते कानांआड केलं. आता शेंड्याची पानं पिवळी पडत होती. एका झाडाचं बूड त्याने उकरून पाहिलं, तर पांढरी तंतुमुळं जवळजवळ नव्हतीच.

मातीच्या दिवशी सकाळी तो टोपली घेऊन निघाला, तो बागेत गेलाच नाही. घरामागे परसात, जिथे त्याची बायको रोज चुलीची राख टाकायची, तिथे तो खणू लागला. राखेने माती गोड होते, एवढं त्याला ठाऊक होतं.

"अहो, ती राखेची माती आहे," बायको दारातून म्हणाली. "बागेतली न्या."

"बागेतली नेली तर ताक पाजावं लागेल."

"मग पाजू की. म्हैस आहे दारात."

"तुला नाही कळायचं. अख्खं गाव माझं बघून बाग करतं."

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली. त्याने टोपली उचलली आणि तो चालू लागला.

चावडीवर त्याच्या वाटीतलं पाणी हिरवट झालं. पारख्याने वाटी उन्हात धरली, पुन्हा नवा रस घालून पाहिला.

"दादा, इतकी गोड माती या डोंगरात मी पाहिली नाही. बागेतलीच ना?"

सगळं गाव बघत होतं. "बागेतलीच," कॉफीवाला म्हणाला. वर आणखी म्हणाला, "मी ना चुना घालत, ना शेणखत. पांढरं खत, वर्षातून तीनदा. बस."

त्याच्या बांधाला लागून एका विधवेची छोटी बाग होती. दोन मुली आणि ती उताराची पट्टी, एवढाच तिचा संसार. तिचं पाणी फिकट लाल झालं होतं आणि चुन्याची एक गाडी तिच्या दारात येऊन उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी ती कॉफीवाल्याकडे आली.

"भाऊजी, तुमचं ऐकून चुना परत पाठवला. उगाच उरापोटावर वाहायचा कशाला? ते खत कुठलं, तेवढं सांगा."

तेव्हाही वेळ गेली नव्हती. गाडी अजून घाटातच असेल, हाक मारली असती तर वळली असती. पण हाक त्याने मारली नाही. त्याने खताचं नाव सांगितलं.

पहिल्या वर्षी तिची झाडं फळांनी लगडली. ती हसतमुखाने त्याच्याकडे फणस घेऊन आली आणि त्याच्या बायकोला म्हणाली, तुमच्यामुळे मुलींना चांगले दिवस आले. बायकोने फणस घेतला आणि ती आत गेली.

दुसऱ्या वर्षी दोन्ही बागा ढासळल्या. फांद्या टोकापासून वाळत आल्या. फळं धुवायला पाण्यात टाकली की आतून पोकळ असल्याने तरंगायची. घाबरून कॉफीवाल्याने चुना आणला आणि घाईत खताबरोबर एकाच आळ्यात कालवला. डोळे झोंबणारा वास सुटला आणि खताचा कस हवेत उडून गेला. त्या बाईची बाग तर चढणीवरची, झाडं कोवळी. ती बाग आधी गेली.

तो बांधावर गेला तेव्हा विधवा आपली झाडं उपटत होती. एका हाताच्या ओढीने झाड वर येत होतं, खाली मुळांचे नुसते काळे खुंट.

"माझंच काहीतरी चुकलं असणार, भाऊजी," ती म्हणाली. "मी तर सगळं तुमच्यासारखंच केलं होतं."

मग त्याने सांगितलं. राख, टोपली, वाटी, सगळं. ती ऐकत राहिली. हातातलं झाड तिने खाली ठेवलं.

"चुना माझ्या दारात आला होता," ती म्हणाली.

"वहिनी, माझी अर्धी बाग तुमच्या नावावर करतो."

"तिच्यात आहे काय आता? तुमच्या आंबट जमिनीवर माझ्या पोरी जेवतील?"

तो खूप रडला, पण त्याच्या रडण्याने तिची चूल पेटणार नव्हती. पंधरा दिवसांनी घराला कडी घालून ती मुलींना घेऊन डोंगर उतरली, दुसऱ्यांच्या घरची भांडी घासायला.

नवराबायकोने मग आधी तिच्या उतारावर चुना पसरला. खत थांबवलं, पालापाचोळा आणि शेण घातलं, नवी रोपं लावली. पण चुना वर्षाला बोटभरच खाली मुरतो, आणि कॉफीचं रोप फळ धरायला चार वर्षं घेतं. पाचव्या वर्षी तिची पट्टी पांढऱ्या फुलांनी भरली. तोवर तिच्या घराचं छप्पर बसलं होतं. कॉफीवाल्याने खाली निरोप धाडला, बाग तयार आहे, या. निरोप घेऊन गेलेला माणूस परत आला. ती ज्या घरी काम करायची तिथल्यांनी त्याला सांगितलं होतं, की ती मागच्या पावसाळ्यातच तापाने गेली. मुली कुठे गेल्या, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

तात्पर्य एवढंच: आपलं वैगुण्य झाकायला खोटी माती पुढे करणाऱ्याची बाग पुन्हा उभी राहीलही, पण त्याच्यावर विश्वास ठेवून जो बुडाला, त्याचं देणं कधीच फिटत नाही.