अकराव्या थांब्यावरची बाई

एकदा एक परीक्षक एका अत्यंत वाईट खेळाच्या नादी लागली. दृष्टांतात मोबाइलवरचा खेळ आला म्हणून कोणी नाक मुरडेल, तर खुशाल मुरडावे. ही गोष्ट नाक मुरडणाऱ्यांचीच आहे, आणि त्यांच्या पंगतीला मीही पुष्कळदा बसलेलो आहे.

तिचे नाव मृण्मयी. व्हिडिओ गेम खेळून पाहायचे आणि त्यांच्याविषयी वर्तमानपत्रात लिहायचे, हा तिचा व्यवसाय. वय एकतीस. या क्षेत्रात बाईमाणसाला लोक आधी तीनदा तपासतात आणि मग तिचे ऐकतात. त्यामुळे आपल्या अभिरुचीला कोणी बोट लावू नये, याची ती फार काळजी घेई. बोलण्यात नावे यायची ती थोरामोठ्यांनी वाखाणलेल्या खेळांची. आणि दुपारचा डबा संपला, की कचेरीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून ती खेळायची ‘घाटराणी’.

‘घाटराणी’ म्हणजे बस चालवण्याचा खेळ. घाटातून बस न्यायची, थांब्याथांब्यावर प्रवासी घ्यायचे आणि वेळेत मुक्कामी पोचायचे. दोघा भावांनी तो बनवला होता, आणि बहुधा घाईत बनवला होता. कारण सगळ्या प्रवाशांना एकच चेहरा. वळणावरची म्हैस जमिनीपासून हातभर वर तरंगते. कंडक्टर चढावर, उतारावर आणि बस दरीत कोसळत असतानाही ‘पुढे सरका, पुढे सरका’ एवढेच म्हणतो. कधी बस डोंगरात शिरते ती भलत्याच गावच्या बाजारात बाहेर निघते. ज्याने त्याने या खेळाची टर उडवली होती. मृण्मयीही चारचौघांत पोट धरून हसली होती. तिच्या मोबाइलमध्ये मात्र तो ‘आयकर’ नावाच्या कप्प्यात ठेवलेला असे, म्हणजे कोणी चुकूनही उघडायला जाऊ नये.

एके दिवशी संपादकांचा फोन आला.

“या रविवारी ‘घाटराणी’ची चांगली पिसं काढा. वर्षातला सर्वांत टाकाऊ खेळ म्हणून. तुमचं सदर नवीन आहे, सगळ्यांचं लक्ष आहे तुमच्याकडे. जरा खणखणीत होऊ द्या.”

ती बरे म्हणाली. दुसरे काय म्हणणार? पोतनीस नावाचे एक ज्येष्ठ परीक्षक होते; त्यांनी या खेळाची सर्वांत जास्त चेष्टा केली होती आणि ते तिचे सदर दर आठवड्याला वाचत. आपल्याला ‘घाटराणी’ आवडते हे त्यांना कळले, तर या धंद्यात आपले नाव संपले, असे तिला वाटे. दुसरीकडे त्या दोघा भावांनी जाहीर केले होते की आणखी एक महिना वाट पाहू, खेळणारे वाढले नाहीत तर खेळ काढून घेऊ. काढून घेतला की तो कोणाच्याच मोबाइलवर चालणार नव्हता. तरी तिने बसून लेख लिहून काढला. एकेक दोष नेमका टिपला, आणि शेवटी लिहिले, ‘हा खेळ म्हणजे निव्वळ कचरा आहे. ज्यांना तो आवडतो, त्यांनी आपली अभिरुची एकदा तपासून घ्यावी.’

छापायला देण्याआधी ती लेख घेऊन अप्पांकडे गेली. अप्पा तिचे गुरू. त्यांनी चाळीस वर्षे नाटकांची परीक्षणे लिहिलेली, आता वय ब्याऐंशी. मोबाइलवरचे खेळ त्यांनी आयुष्यात कधी पाहिले नव्हते, पण परीक्षण कसे लिहावे हे ती त्यांच्याकडेच शिकली होती. त्यांची तपासण्याची एक पद्धत ठरलेली असे. लिहिणाऱ्याने जे स्वतः पाहिले आहे, त्याखाली हिरवी रेघ. जे ऐकीव आहे, उसने आणलेले आहे, त्याखाली तांबडी. या दोन रेघांखेरीज ते शिष्यांना फारसे काही सांगत नसत, आणि हिरवी रेघ मिळावी म्हणून शिष्य जिवाचे रान करीत.

अप्पांनी लेख गुडघ्यावर घेतला. बराच वेळ हिरवे पेन चालत राहिले. मग त्यांनी तांबडे उचलले, एक रेघ ओढली आणि कागद तिच्या हाती दिला.

मृण्मयी पाहतच राहिली. पहिल्या ओळीपासून पान हिरवेगार होते. म्हैस हिरवी, कंडक्टर हिरवा, डोंगरात शिरणारी बस हिरवी. तांबडी रेघ फक्त शेवटच्या दोन वाक्यांखाली होती.

“अप्पा, निकाल तेवढा माझा आहे हो. बाकी तर सगळे दोष.”

“दोष पाहिलेस तू. निकाल कोणाचा ते मला माहीत नाही,” अप्पा म्हणाले. “हे वाच बघू, मधलं.”

तिने वाचले, “‘अकराव्या थांब्यावर बगलेत कोंबडी धरलेली एक बाई उभी असते. दार उघडून चाळीस सेकंद थांबले तरी ती कधीच बसमध्ये चढत नाही.’”

“चाळीस सेकंद कोण थांबलं?”

“मीच. कामाचा भाग म्हणून.”

“कामासाठी माणूस एकदा थांबतो, फार तर दोनदा. तू ‘कधीच’ लिहिलंयस.” अप्पांनी चष्मा काढून पुसला. “दाखव मला तो खेळ.”

मृण्मयीचे कान तापले. तिने ‘आयकर’ उघडले, तेव्हा अप्पांच्या ओठांचा कोपरा हलला. बस निघाली. म्हैस तरंगली. कंडक्टरने पुढे सरकायला सांगितले. अप्पा मान पुढे काढून पाहत होते. अकरावा थांबा आला आणि तिच्या अंगठ्याने, तिला न विचारता, बस उभी केली. दार उघडले. बाई तिथेच होती. बाईचा चेहरा इतर सर्वांसारखाच ठोकळ्यासारखा. पण कोंबडी मात्र मान वळवून इकडेतिकडे पाहत होती. त्या अख्ख्या खेळात मन लावून बनवलेली तेवढी एकच गोष्ट होती. वर घड्याळ पळत होते. दोघेही पाहत राहिले.

“चढेल का गं?” अप्पांनी हळूच विचारले.

“नाही चढत. बनवणाऱ्यांची चूक आहे काहीतरी.”

“मग थांबतेस कशाला?”

“पुढे जाववत नाही,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. एवढीशी गोष्ट, पण कोणाला तरी सांगायला तिला आठ महिने लागले होते.

अप्पांनी मोबाइल हळूच टेबलावर ठेवला.

“आमच्या वेळी एक नाटक होतं,” ते म्हणाले. “वाईट होतं. दुसऱ्या अंकात राजाची मिशी सुटायची आणि तो ती हातात धरून उरलेलं भाषण पुरं करायचा, अगदी मनापासून. मी ते नऊ वेळा पाहिलं. दुपारचा प्रयोग गाठायचा, शेवटची खुर्ची घ्यायची, ओळखीच्या कोणाला दिसू नये म्हणून नाट्यगृहात अंधार झाल्यावर शिरायचं. आणि परीक्षणात लिहिलं काय? प्रेक्षकांनी आपला वेळ वाया घालवू नये. दहाव्यांदा गेलो तेव्हा नाटक बंद झालं होतं. माझ्यामुळेच झालं असेल असं नाही. पण बाहेर बोर्ड उतरवत होते आणि तो राजा बाजूला उभा होता. मिशीशिवाय मी त्याला ओळखलं, त्याने मला ओळखलं नाही.”

अप्पांनी तिच्या कागदावरच्या तांबड्या रेघेवर बोट ठेवले.

“मिशी सुटते हे लिहिल्याचं मला आजही काही वाटत नाही. सुटायचीच ती. पण ते शेवटचं वाक्य माझं नव्हतं, मृण्मयी. चार शहाण्या माणसांच्या धाकाने लिहिलेलं होतं. नऊ वेळा जाऊन बसलो त्याचं काय, हे मी कोणालाच सांगितलं नाही. उत्तम गोष्ट आवडली हे सांगायला कसली छाती लागते? सगळं गाव पाठीशी असतं. वाईट गोष्ट वाईट म्हणावी, आणि आपल्याला ती आवडते हेही म्हणावं. तिथे परीक्षकाची कसोटी लागते. मी नापास झालो.”

“लोक हसतील, अप्पा.”

“हसतील की. हसण्यासारखंच आहे ते. तूही हसतेसच ना त्या म्हशीला?”

मृण्मयी उठली. तिथल्याच टेबलावर तिने ती दोन वाक्ये खोडली आणि त्यांच्या जागी लिहिले, ‘वरचा प्रत्येक दोष खरा आहे. मी हा खेळ आठ महिने रोज खेळते आहे आणि अकराव्या थांब्यावर रोज थांबते.’ तिने कागद अप्पांपुढे धरला. त्यांनी दोन्ही वाक्यांखाली सावकाश हिरवी रेघ ओढली.

रविवारी लेख आला. संपादक म्हणाले, पुढच्या वेळी जरा सांभाळून. काही लोक हसले, आणि एकाने तिला ‘घाटराणी’ हे नावच देऊन टाकले. सोमवारी दुपारी पोतनीसांचा फोन आला. पोतनीस घसा खाकरत बराच वेळ इकडचे तिकडचे बोलले. मग म्हणाले, “मी एक मिनिट थांबून पाहिलंय. माझ्याकडेही चढत नाही ती.” आणि त्यांनी फोन ठेवला.

पण मृण्मयीला आठवत राहिला तो त्यानंतरचा, बुधवारचा फोन. तो अप्पांचा होता. मागे त्यांच्या मोबाइलमधून, किंवा नातवाच्या असेल, कोणीतरी पुढे सरका, पुढे सरका म्हणत होते.

“अगं, अकरावा थांबा आला,” अप्पा घाईघाईने म्हणाले. “दार कुठून उघडायचं?”

“डावीकडचं पिवळं बटण, अप्पा.”

“हां. उघडलं.” मागे कंडक्टर पुढे सरकायला सांगतच होता. “आणि थांबायचं किती?”

“तुम्हाला वाटेल तितकं,” ती म्हणाली, आणि तीही फोन न ठेवता त्यांच्याबरोबर थांबली.