बघून शिकणारा रिमोट

“बाबा, या दोन्हींतला कुठला ठेवू?”

हणमंतानं दोन रिमोट घोंगडीवर आपटल्यासारखे ठेवले. दोन्ही नवेकोरे, पुठ्ठ्याला चिकटलेले, वरचं प्लास्टिकही न फाडलेले. पसंत पडेल तो ठेवायचा आणि दुसरा परत आणून द्यायचा, असं दुकानदाराशी ठरलं होतं.

गावाबाहेरच्या तकियात लतीफबाबा फकीर ओट्यावर बसून चिंचा फोडत होते. त्यांनी रिमोटांकडं पाहिलं, मग हणमंताकडं.

“माझ्याकडं कुठं टीव्ही आहे? एक रेडिओ होता, तो माकडानं पळवला.”

“दादा सगळं तुम्हालाच विचारायचा. मोबाइल घेताना, मोटारसायकल घेताना. तेव्हा बरं सुचायचं तुम्हाला. मी विचारलं की माकड आठवलं.”

बाबा हसले नाहीत. थोरला भाऊ संदिपान जाऊन अजून वर्ष भरलं नव्हतं. हणमंताच्या तोंडात ‘दादा’ हा शब्द आला, की घासात खडा लागल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा.

“रिमोट कशाला हवाय?”

“घरात तीन आहेत. टीव्हीचा, डिशचा, साऊंडचा. तिन्हींना मिळून एकच हवा. माझ्या हातात.”

“आणि जुने?”

“ते दादाचे. आप्पांनी उशाखाली ठेवलेत, कुणाला हात लावू देत नाहीत. संध्याकाळी दोघं बापलेक मिळून कुस्त्या बघायचे... आता आप्पा बंद टीव्हीसमोर बसून राहतात.”

“तू लावून द्यावास.”

“लावला होता. टीव्हीच्या मागचं बटण चाचपून. म्हणाले, राहू दे, तुला नाही जमायचं.”

बाबांनी एक चिंच सोलली. चिंचोका वाटीत पडला.

“या दोन्हींत फरक काय?”

“हा साधा. कंपनीचा नंबर घातला की चालतो. आणि हा दुसरा शिकणारा. याच्या तोंडासमोर जुन्याचं तोंड धरायचं. जुन्याचं एकेक बटण दाबायचं. त्याचं बघून हा शिकतो.”

“मग हाच ठेव. गुणी दिसतोय.”

“नको.” हणमंतानं तो रिमोट पायानं दूर सारला. “त्याचं बघून शिक, त्याचं बघून शिक. शाळा सोडली तेव्हा तेच. धार काढताना म्हशीनं लाथ मारली तेव्हाही तेच. तो मेला तरी तेच. आता रिमोटनंसुद्धा त्याचंच बघायचं?”

“मेलेल्या भावाचा हेवा करतोस?”

“करतो.” हणमंत थांबला नाही. “आप्पांच्या शेजारची जागा त्याची. उशाखालची जागा त्याची. मरूनसुद्धा सगळं त्याचंच. मी घरात हिंडतोय, जेवतोय, तर मी कुणाला दिसत नाही.”

...

चिंचेच्या झाडावरून एक कावळा उडाला. मग हणमंत मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

बाबांनी डाव्या कानामागं हात नेला. “काय म्हणालास?”

हणमंत ओरडला नाही. उठला. बाबांना वळसा घालून उजव्या बाजूला गेला, उकिडवा बसला. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करत, हळू म्हणाला,

“आप्पा... मला... अजून त्याच्याच नावानं... हाक मारतात.”



बाबांनी गुडघ्यावरच्या त्या हाताकडं पाहिलं.

“घरी असंच बोलतोस?”

“आप्पांशी. दादा गेल्यावर त्यांचा डावा कानही गेला. ओरडलं की चिडतात. असं शेजारी बसून सांगावं लागतं.”

“मला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू येतं,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुढची चिंच उचलली. “हे कुणाचं बघून शिकलास?”