धाकलीची खांड

पाव्हणे, जरा सांभाळून उभे राहा, कड निसरडी आहे. समोर बांध तुटलेला दिसतो ना, त्याला आम्ही धाकलीची खांड म्हणतो. पलीकडे खाडी, अलीकडे आमची मिठागरं. पूर्वी इथं मीठ नव्हतं. भात व्हायचं म्हणे, नजर पोचेल तिथवर, आणि ते सगळं अंतोबा खोताचं.

खोतानं खाडी मागं रेटून जमीन काढली. पण बांध दर उधाणाला याच जागी फुटायचा. कुणीतरी त्याच्या कानात घातलं, बांधाला माणूस हवा. चांगो नावाचा आगरी गडी चिखलकामात पटाईत होता. ओहोटी लागल्यावर खोतानं त्याला पायाचा दगड बसवायला खड्ड्यात उतरवलं आणि वरच्यांना सांगितलं, चिखलाच्या टोपल्या ओता. लोकांनी ओतल्या. टोपल्या गावाच्याच होत्या, ते आम्ही लपवत नाही.

बांध उभा राहिला. चांगोची बायको धाकली रडलीसुद्धा नाही, असं सांगतात. ती खोताच्या ओसरीखाली जाऊन एवढंच म्हणाली, "माझ्या माणसाला रोज घास ठेवायचाय. तांदूळ द्या." खोताला बरंच वाटलं. पोट भरलं की मेलेला उठायचा नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं त्याच शेतातला तांदूळ तिला लावून दिला.

धाकली रोज भात शिजवायची, त्यात सुकटीचा चुरा कालवायची आणि चांगोला पुरला होता तिथं, बांधाच्या पोटाशी ठेवायची. खायला यायच्या चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे. हळूहळू खाडीभरच्या चिंबोऱ्या तिथंच राहायला आल्या. आणि चिंबोरी घर करते ते चिखल पोखरून. बायका हसायच्या, धाकले, नवऱ्याला जेवू घालतेस की चिंबोऱ्यांना? ती म्हणायची, दोघं एकाच ताटात जेवतात. अशी वर्षं गेली. तिला घाई नव्हती.

मग एका भादव्यात, भात निसवलं असताना, अवसेचं उधाण आलं आणि बांध पाझरू लागला. खोत अनवाणी धावत आला, हाका मारू लागला. माणसं टोपल्या भरून आलीही. धाकली बांधावर बसली होती. आवाज न चढवता म्हणाली, "आत माणूस घातलाय ना, खोत? तो धरील."

गड्यांनी टोपल्या खाली ठेवल्या. खोत एकटाच हातांनी चिखल थापत राहिला. बांध त्याच्या अंगावर आला. त्या दिवशी चिंबोऱ्यांना भात लागला नाही म्हणे. धाकली उठून घरी गेली.

शेतात खारं पाणी शिरलं ते शिरलंच. पोटासाठी गाव मीठ पिकवायला शिकलं. आतून लहान बांध घातले, पण ही खांड कुणी बुजवली नाही.

आजही इथली चिंबोरी गावात कुणी खात नाही, तेव्हा जेवायला मागू नका. आणि वर ते कौलारू घर दिसतं ना, ते खोतांचं. शेत नाही, तांदूळ विकत आणतात. पण आजही त्या घरची बाई पहिला घास घेऊन खाली येते, या तुटल्या बांधाच्या पोटाशी ठेवते आणि चिंबोऱ्यांनी तो उचलेपर्यंत उभी राहते. तोवर वरची माणसं वाढलेल्या ताटांपुढं बसून असतात.