बाजेवर बसलेल्या सुनेची कहाणी

ऐका तुतीआई, तुमची कहाणी. हातात तांदूळ नकोत, तुतीचं एकेक पान घ्या. पान कोरडं असावं. ज्यांच्या तोंडात तंबाखू आहे त्यांनी चूळ भरून यावं, आम्ही थांबतो. आत्याबाई, मागं सरकू नका. कहाणी तुमच्यासाठीच आहे.

आटपाट नगर नव्हतं, आटपाट गाव होतं. गावाला वेस होती, वेशीला पार होता, पारावर नुसती बसून राहणारी माणसं होती. त्यातलाच एक निवृत्ती. त्याची बायको सोजरबाई, मुलगा अंकुश, सून द्वारका, नात आरू. घरामागं तुतीचं रान, रानाच्या कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये तीन रॅकवर रेशमाच्या अळ्या. शेड द्वारकेनं उभी केली, अळ्या द्वारकेनं आणल्या. घरातलं मीठमिरची, आरूचं दप्तर, सोजरबाईच्या मोबाईलचा रिचार्ज, निवृत्तीचा तंबाखू, सगळं त्या अळ्यांच्या कोषातून यायचं. पण कोष विकायला निघाले की निवृत्ती फेटा बांधायचा, टेम्पोत पुढं बसायचा आणि बाजारात सांगायचा, "आम्ही रेशीम करतो." तो काय करायचा? तो बाजेवर बसायचा.

द्वारका पहाटे उठे, पाला तोडी, अळ्यांना घाली. मग चहा टाकी, सासऱ्याला देई. मग पाला तोडी, अळ्यांना घाली. मग भाकरी थापी, सगळ्यांना वाढी. अळ्यांनी खाल्लं की माणसं, माणसांनी खाल्लं की अळ्या. आपली भाकरी ती हातावर घेई आणि चालता चालता खाई. अंकुश तसा वाईट नव्हता. "दमलीस का गं?" म्हणून विचारायचा, आणि ताटावर बसायचा. सोजरबाई उपासाची फार. उपास सासूचा, साबुदाणा भिजवायचा सुनेनं. पुण्य कोणाच्या नावावर पडत होतं ते देवालाच ठाऊक.

सासू म्हणे, "अळ्या बघतेस, घर कोण बघणार?" सासरा म्हणे, "चहा गार आहे, मोडून टाक ती शेड!" नवरा काहीच म्हणत नसे, हीच त्याची म्हण.

एके दिवशी काय झालं? कुंपणापाशी एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, बोटं पाल्याच्या चिकानं काळी. तिनं हाक मारली, "बाई, जेवलीस का?"

द्वारका म्हणाली, "जेवते आजी, एवढा पाला घालून."

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली. "बाई, जेवलीस का?"

"जेवते आजी, एवढं मामंजींचं पान वाढून."

तिसऱ्या दिवशी म्हातारी आली. "बाई, जेवलीस का?"

द्वारकेनं फांद्यांचा भारा खाली टाकला. "खोटं कशाला बोलू आजी? बसून कधी जेवले ते आठवत नाही."

"मग एक वसा आहे बाई."

"वसा? आजी, पाया पडते, आणखी एक नको. सोमवार आहे, गुरुवार आहे, शनिवार आहे. एका वाराला पोटभर जेवण असेल असं काही असेल तर सांगा."

म्हातारी इतकी हसली की पदर खांद्यावरून घसरला. म्हणाली, "वेडे, हा वसा तुला नाही. सुनेनं केला तर फळत नाही. हा घरच्यांनी करायचा. ज्याचं तोंड भाकरीला उघडतं त्याचा हात पाल्याला लागला पाहिजे. आणि संध्याकाळी सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं. जी दिवसभर राबली तिचं ताट आधी वाढायचं."

"ते नाही करणार आजी."

"नाही केलं तर तू बस."

"बस म्हणजे?"

"बस म्हणजे बस. बूड टेकवून."

एवढं बोलून म्हातारी रानात गेली, आणि रानात कुठं गेली ते दिसलं नाही.

मग द्वारकेनं घरी वसा सांगितला. सासरा हसला, खोकला, पुन्हा हसला. "व्रत बाप्यांनी करायचं? आमच्या घराण्यात बाप्यानं कधी पाला तोडला नाही." घराण्यात रेशीमच कधी केलं नव्हतं, पण घराण्याचं नाव काढलं की कोणी हिशोब विचारत नाही. सासू म्हणाली, "माझे गुडघे दुखतात." टीव्हीपुढं तीन तास मांडी घालून बसताना ते दुखत नसत. नवरा म्हणाला, "बघू." बघू म्हणजे नाही. सगळ्या बायांना हे माहीत आहे.

अळ्या मोठ्या झाल्या. शेवटची कात टाकून झाली. आता त्या बोटाएवढ्या झाल्या आणि रात्रंदिवस खाऊ लागल्या. कोणी वाळू चाळतंय असा शेडमध्ये आवाज. याच दिवसांत त्यांना पोटभर पाला मिळाला तर कोष भरतो. उपास घडला तर कोष पोचट होतो आणि सगळ्या घराचे हाल होतात. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सांभाळायचं मात्र एकटीनं.

अशा दिवसांत निवृत्तीला मिजास आली. त्यानं पारावरचे चार गडी बोलावले. "चला, आमचं रेशीम दाखवतो." शेडच्या दारावर द्वारकेनं खडूनं लिहून ठेवलं होतं, तंबाखू खाऊन आत येऊ नये. निवृत्तीनं ते वाचलं. वाचून तळहातावर चुना घेतला, तंबाखू मळला, गालात धरला आणि आत गेला. सुनेनं लिहिलेलं सासऱ्याला कसं लागू होईल? मग त्याच हातानं मधल्या रॅकवरच्या अळ्या उचलल्या. एक याच्या हातावर दिली, एक त्याच्या हातावर दिली, परत पाल्यात सोडल्या, पाल्यावरून हात फिरवला. "बघा, कशा गुबगुबीत!"

तंबाखू म्हणजे अळीला विष. दुपारपर्यंत मधला रॅक वळवळायला लागला. अळ्या हिरवं ओकू लागल्या, माना टाकू लागल्या. द्वारकेनं तो सगळा रॅक उपसला, खड्ड्यात पुरला, वर चुना टाकला. रडली नाही. हात धुतले, पाय धुतले, अंगणात आली. सासरा पारावर गेला होता, त्याची बाज मोकळी होती. ती बाजेवर बसली.

सासू म्हणाली, "ऊठ गं, लोक बघतील."

"बघू दे, आत्याबाई."

नवरा आला. म्हणाला, "द्वारके, अळ्यांच्या पाल्याची वेळ झाली."

"झाली खरी."

सासरा आला. आपल्या बाजेवर सून! त्याच्या गालातला तंबाखू तसाच राहिला. "ही काय रीत?"

"मामंजी, तुम्ही एक रॅक मारला. बाकीचे दोन माझ्या जिवावर आहेत, आणि माझा जीव दमला. आता मी जेवल्याशिवाय उठणार नाही. वाढेल कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा."

सासरा ओरडला. द्वारका बसली. सासू रडली. द्वारका बसली. तिचेही कान शेडकडं लागले होते. पण ती बसली.

मग काय झालं? शेडमधला आवाज कमी झाला. मग अजून कमी झाला. मग थांबला. पाला संपला होता. त्या घरात इतकी शांतता कधी झाली नव्हती. आरू दारातून म्हणाली, "आजी, अळ्या डोकी वर करून बघतायत. आपल्याकडंच."

आधी सोजरबाई उठली. गुडघ्यांचं नाव न काढता उठली. मग अंकुशनं विळा घेतला. निवृत्ती उभाच होता. सोजरबाई त्याच्यावर खेकसली, "थुंका तो तंबाखू! हात धुवा साबणानं! परत धुवा! आयुष्यभर माझ्या हातचं खाल्लंत, एक फांदी उचलली तर मराल का?" तिलाही इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं, जेवलीस का. म्हणून सुनेला छळावं असं नाही. पण नव्हतं विचारलं.

निवृत्तीनं हात तीनदा धुतले. पाला आणला, तोही धुऊन आणला.

"ओला नको, मामंजी!" द्वारका बाजेवरून ओरडली. "ओल्यानं रोग येतो!"

मग त्यानं एकेक फांदी धोतरानं पुसली, सोजरबाईनं ती अळ्यांना घातली. आख्खा गाव कुंपणाशी उभा राहून बघत होता, आणि निवृत्ती पानं पुसत होता. अंकुशनं भाकऱ्या थापल्या. एक फाटली, एक करपली, एक तव्यावरून उडी मारून राखेत गेली. आरूनं ठेचा वाटला. मग पाच ताटं एका ओळीत मांडली. पहिलं ताट द्वारकेपुढं आलं. ती बाजेवरून उतरली, पाटावर बसली, पहिला घास घेतला. शेडमध्ये वाळू चाळल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तेवढ्यात कुंपणापाशी म्हातारी. "बाई, जेवलीस का?"

द्वारकेचं तोंड भरलेलं. बोलता येईना. तिनं नुसती मान हलवली.

म्हातारी सोजरबाईकडं वळली. "आणि तू गं?"

सोजरबाईनं डोळ्याला पदर लावला आणि पानातली करपलेली भाकरी मोडली. वर बघितलं तर कुंपणापाशी कोणी नाही. नुसतं तुतीचं एक पान, कोरडं, पुसल्यासारखं.

पुढं अळ्या पिकल्या, चंद्रिकांवर, म्हणजे कोष करायच्या जाळ्यांवर, चढल्या, धागा सोडू लागल्या. दोनच रॅक, पण कोष असे घट्ट की हातात घेतला तर खडा वाटावा. टेम्पोत पुढं द्वारका बसली. निवृत्ती मागं, कोषांच्या पोत्यांशेजारी. बाजारात कोणी विचारलं, "कोणाचं रेशीम, पाटील?" त्यानं सवयीनं फेट्याला हात लावला. "आम..." म्हणाला. मग म्हणाला, "सुनेचं. मी पाला पुसतो."

दिवाळीला शेडमध्ये नव्या अळ्या होत्या, आणि घरात लेक-जावई, पाहुणे आले. सोजरबाई विसरली, आधी बाप्यांची पंगत बसवली. शेडमधला आवाज थांबला. तिनं कान दिला, जीभ चावली, बाप्यांना पंगतीतून उठवलं आणि पाल्याला धाडलं. जावई पण गेला.

या वशाला उद्यापन नाही, ब्राह्मण नाही, साबुदाणा नाही. सुनेनं एक करावं, वेळ आली की बसावं. बाकी सगळं बाकीच्यांनी करावं. करणाऱ्यानं मिरवू नये, चार फांद्या तोडून गावभर सांगू नये.

जशी तुतीआई द्वारकेला पावली तशी तुम्हांआम्हांला पावो. तुमच्या शेडमध्ये आवाज राहो, तुमचं ताट ऊन राहो, तुमच्या घरात कोणी तरी विचारो, जेवलीस का. ही साठ भाकऱ्यांची कहाणी पाचांच्या हातांनी थापली, एका पंगतीत सुफळ संपूर्ण झाली.

हातातलं पान वाया घालवू नका. जाता जाता शेडमध्ये टाका. हात धुऊन.